कुणाच्या चालीने?



डोंगरात दोघांनी मिळून चालायचे तर कुणाच्या चालीने चालावे? प्रश्न साधा वाटतो. सपाट रस्त्यावर तो पडतही नाही, कारण तिथे पाच-दहा पावलांचे अंतर कुणाच्या ध्यानात येत नाही. चढ लागला, श्वास फुलला, पायाखाली मुरूम सरकू लागला की मग कळते, की दोन माणसे बरोबर निघाली म्हणजे ती बरोबर चालतीलच असे नाही.

आपल्या बालाघाटात पाऊस चांगला झाला की सौताड्याचा धबधबा आणि मांजरसुंब्याजवळचे कपिलधार पाहायला गर्दी होते. त्यात हल्ली जोडपी बरीच दिसतात. मोटारसायकल खाली लावायची, डबा घ्यायचा आणि डोंगरात दिवस घालवायचा. ही गोष्ट आपल्याकडे तशी नवी आहे. पूर्वी नवरा-बायको मिळून घराबाहेर पडत ती जत्रेला, लग्नाला, नाहीतर दवाखान्यात. नुसते फिरायला जाणे म्हणजे मास्तर लोकांची आणि सरकारी नोकरदारांची हौस, असे गाव म्हणत असे. आता शेतकऱ्याची पोरेही जातात. त्यात वाईट काही नाही, उलट चांगलेच आहे. चार भिंतींत जे बोलणे वर्षभर होत नाही ते दरीच्या काठावर बसून तासाभरात होते.

पण त्यांचे चालणे जरा पाहा. बहुतेक वेळा तो पुढे असतो आणि ती मागे. पिशवी बऱ्याचदा तिच्याच खांद्याला, आणि कडेवर मूल असले तर तेही तिच्याकडेच. तो वर पोहोचतो, मागे वळून हाक मारतो, "चल की लवकर!" आणि ती घामाघूम होऊन पोहोचली, की त्याची विश्रांती झालेली असल्यामुळे तो लगेच पुढे निघतो. म्हणजे जो दमला नाही त्याला विसावा मिळतो आणि जी दमली तिला मिळत नाही. पुरुषाने पुढे चालायची रीत काट्याकुट्याच्या वाटांमुळे पडली, साप-विंचू आधी त्याला दिसावा म्हणून, असे सांगणारे भेटतात. असेलही. डांबरी रस्ता झाला तरी रीत गेली नाही, एवढे मात्र खरे.

डोंगरात नेहमी जाणाऱ्या मंडळींचा एक नियम आहे. जो सर्वात सावकाश चालतो त्याला पुढच्या बाजूला ठेवायचे आणि सगळ्यांनी त्याच्या चालीने चालायचे. का? कारण वेगाने चालणाऱ्याला सावकाश चालता येते, पण सावकाश चालणाऱ्याला वेगाने चालता येत नाही. दोघांपैकी एकालाच बदलणे शक्य असेल तर बदलण्याची जबाबदारी त्याचीच ठरते. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. यात दयामाया नाही आणि उपकारही नाहीत, साधा हिशेब आहे. ज्याच्याजवळ अधिक आहे त्याने थांबावे, कारण थांबणे त्यालाच परवडते.

यावर कुणी म्हणेल, मग ज्याच्या अंगात ताकद आहे त्याने जन्मभर मागेच राहायचे का? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. त्यासाठी एका जोडप्याची हकिकत सांगतो.

ईशान्य इटलीत तार्विझियो नावाचे डोंगरातले गाव आहे. त्या भागातले निवेस मेरोई आणि रोमानो बेनेत हे पती-पत्नी गिर्यारोहक. जगात आठ हजार मीटरपेक्षा उंच अशी चौदा शिखरे आहेत. ती सगळी दोघांनी मिळून चढायची, कृत्रिम प्राणवायू न वापरता आणि सामान वाहणारे हमाल वरपर्यंत न नेता, असा त्यांचा प्रयत्न होता. 2009 सालापर्यंत निवेसची अकरा शिखरे झाली होती. जगातली कोणती स्त्री चौदा शिखरे सर्वात आधी पूर्ण करते याची तेव्हा मोठी चर्चा होती आणि त्या शर्यतीत तिचे नाव अगदी पुढे होते. त्या वर्षी दोघे नेपाळ आणि सिक्कीमच्या सीमेवरील कांचनगंगा चढत होते. वर, शिखराच्या वाटेवर, रोमानोच्या अंगातली ताकद अचानक संपली. तिने एकटीने पुढे जावे असे त्याचे म्हणणे होते. ती गेली नाही. त्याला घेऊन खाली उतरली.

पुढे निदान झाले, की त्याच्या शरीरात रक्त तयार होणेच थांबले आहे. दोन वेळा अस्थिमज्जेचे रोपण करावे लागले. इकडे 2010 साली स्पेनच्या एदुर्ने पासाबान हिने आपली चौदा शिखरे पूर्ण केली. निवेसची शर्यत केव्हाच संपली होती. रोमानो बरा झाल्यावर दोघे पुन्हा डोंगरात गेले. 2014 साली त्याच कांचनगंगेवर बरोबर पोहोचले आणि 2017 साली अन्नपूर्णा शिखरावर त्यांचे चौदावे शिखर झाले. चौदाही शिखरे बरोबरीने चढलेले ते पहिले जोडपे.

ही गोष्ट ऐकली की आपण लगेच म्हणतो, केवढा त्याग! मला हा शब्द इथे वापरताना जरा अडखळायला होते. स्त्री थांबली की आपल्या तोंडी 'त्याग' फार पटकन येतो. पुरुष थांबला असता तर आपण त्याला शहाणपण म्हटले असते. शिवाय तिने काही सोडून दिले असे तरी कुठे आहे? दोघांनी मिळून चढायचे हेच मुळात ठरलेले होते. तो खाली बसलेला असताना ती वर गेली असती तर शिखर झाले असते, पण ठरवलेली गोष्ट झाली नसती. म्हणून वरच्या आक्षेपाला माझे उत्तर असे आहे: बलवानाने जन्मभर मागे राहावे असे कुणी म्हणत नाही. कुठे जायचे ते दोघांनी ठरवावे आणि कसे जायचे ते त्या दिवशी ज्याला त्रास होत असेल त्याच्याकडे पाहून ठरवावे. आज ती दमेल, उद्या तो.

मात्र या गोष्टीत एक बाब सहज नजरेतून सुटते. निवेसला परत फिरता आले. त्याची किंमत तिने मोजली, ती मोठी होती, पण ती मोजणे तिच्या हातात होते. कोणी तिला असे म्हणू शकत नव्हते, की बाई, तू परत फिरलीस तर तुझ्या नावावर कर्ज चढेल.

आता आपल्या घाटाकडे येऊ.

धबधबे आटू लागतात, दसरा होतो, दिवाळी जवळ येते आणि बालाघाटातून दुसरी जोडपी प्रवासाला निघतात. पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, धारूर, वडवणी अशा सगळ्या बाजूंनी ट्रक आणि ट्रॅक्टर भरतात. पेटी, पीठ, भांडी, गोधड्या, एखादी शेळी, कडेवरचे मूल. कुणी धारूरच्या घाटाने उतरते, कुणी नगरच्या दिशेने जाते. पुढे सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, नाहीतर थेट कर्नाटक. आपल्या धर्मग्रामातलीही काही घरे या दिवसांत बंद होतात आणि रविवारच्या मिस्सेला ठरावीक बाकांवर म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे तेवढी दिसतात. प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना 1950 साली सुरू झाला. 1972 च्या दुष्काळाने तर डोंगरातली माणसे आणखीच बाहेर काढली. तेव्हापासून पिढ्यान्‌ पिढ्या ही वाट चालू आहे. पूर्वी बैलगाडीने जात, कित्येक दिवस लागत. घाट उतरताना बाई गाडीमागून चालत असे.

या प्रवासाला माणूस एकटा सहसा जात नाही, जोडी जाते. आणि त्या जोडीला नाव आहे 'एक कोयता'. आपल्यापैकी ज्यांनी फड पाहिला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पण हा शब्द कधीतरी कानाला नवा असल्यासारखा ऐकून पाहावा. मुकादम विचारतो, "किती कोयते?" दहा कोयते म्हणजे वीस माणसे. उचल कोयत्यावर मिळते, मजुरी टनावर, दोघांच्या कामाची मिळून. आणि एकटा पुरुष किंवा एकटी बाई असेल तर तिला म्हणतात 'अर्धा कोयता'.

आपल्याला हे फारच ओळखीचे वाटावे अशी एक जागा आहे. विवाह संस्काराच्या वेळी आपणही हेच ऐकतो, की दोन माणसे आता दोन राहिली नाहीत, एक झाली. मग वेदीसमोरचे एक आणि मुकादमाच्या वहीतले एक, यांत फरक काय?

मला दिसणारा फरक असा. वेदीसमोर एक होण्याआधी दोघांना वेगवेगळे विचारले जाते. त्याला त्याच्या नावाने, तिला तिच्या नावाने. तिचे 'होय' त्याने म्हणून चालत नाही. तिच्यावर कुणी जबरदस्ती केली असेल तर तो विवाह विवाहच ठरत नाही. रजिस्टरमध्ये सही दोघांची लागते. म्हणजे आधी पूर्ण दोन, मग एक. मुकादमाच्या वहीत बहुधा नाव एकाचेच असते, पुरुषाचे. बोलणे त्याच्याशी होते, उचल त्याच्या हातात पडते. तिच्याशिवाय कोयता अर्धा, तरी वहीत तिचे नाव नाही. इथे दोघांचे एक झाले ते तिला वजा करून.

याचा परिणाम कुठे दिसतो? थांबण्याची वेळ आली की. पहाटे तीन-चारला उठून, कोपीत भाकरी करून ती फडावर जाते. तो तोडतो, ती साळते, वाढे बाजूला करते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढवते. परत आल्यावर चूल तीच पेटवते. एखाद्या दिवशी तिच्या अंगातून उभे राहण्याची ताकद गेली, पाळीचा त्रास झाला, दिवस भरत आले, तर? एक जण थांबला की कोयताच थांबतो. त्याला खाडा म्हणतात आणि खाड्याचे पैसे कापले जातात, कुठे पाचशे, कुठे त्याहून जास्त. ती रक्कम दोघांच्या उचलीत जमा होते आणि पट्टा पडेपर्यंत फिटली नाही तर पुढच्या वर्षावर जाते. तिने थांबावे असे त्याला मनापासून वाटत असले तरी थांबणे त्याला परवडत नाही. मग दोघे मिळून असा उपाय शोधतात, की थांबायचे कारणच उरू नये.

2019 साली या प्रकाराची देशभर चर्चा झाली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या 82,309 स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. साधारण सहा जणींमागे एक. त्यांत तिशी-पस्तिशीच्या कितीतरी. सगळ्याच शस्त्रक्रिया खाड्याच्या भीतीने झाल्या असे म्हणता येणार नाही. काही खरोखर गरजेच्या असतील, काही ठिकाणी डॉक्टरांनी कर्करोगाची भीती घातली असेल. पण पोटात दुखते म्हणून आलेल्या बाईला "सुट्टी घे, पुन्हा दाखवायला ये" असे सांगण्याला अर्थ नसतो, कारण सुट्टी ही वस्तूच तिच्याजवळ नसते.

या विषयावर बोलताना दोन चुकीच्या वाटा टाळायला हव्यात. पहिली म्हणजे सगळा दोष नवऱ्यावर टाकणे. तोही पाठ मोडेपर्यंत वाकलेला असतो, साप चावला तर त्यालाही चावतो, कोयत्याचा घाव त्याच्याही पायावर बसतो. आणि अनेक जोडपी सांगतात, की एकट्याने पुण्या-मुंबईला राहण्यापेक्षा दोघांनी फडावर राहणे बरे, निदान सुखदुःख एका चुलीपाशी तरी असते. त्यांच्या हातांची एकमेकांशी जी लय जमलेली असते, त्याने तोडून टाकलेला ऊस तिने न बघता उचलायचा, ती शहरातल्या शिकलेल्या जोडप्यांत मी क्वचित पाहिली आहे. या कष्टांवर कित्येकांनी घरे बांधली, मुलींना शिकवले. ती जोडी कमी प्रतीची आहे असे म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही.

दुसरी चुकीची वाट म्हणजे सगळा दोष परिस्थितीवर टाकून मोकळे होणे. खाडा त्याने ठरवलेला नाही, कबूल. पण फडावरून परतल्यावर पाण्याची घागर कुणी उचलायची हे मुकादम ठरवत नाही. पहाटे आधी कुणी उठायचे, लेकराला कुणी घ्यायचे, हातात आलेल्या पैशांचा हिशेब बायकोला सांगायचा की नाही, हेही कारखाना ठरवत नाही. डोंगरातला नियम इथेही लागू पडतो: ज्याला बदलता येते त्याने बदलावे. सगळे बदलता येत नाही म्हणून जेवढे येते तेवढेही करायचे नाही, हे चालणार नाही. आणि अर्धा कोयता पुरा व्हावा म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे लग्न उरकणे, हे तर परिस्थितीच्या पदराआड झाकताच येत नाही. बालविवाहात आपला जिल्हा राज्यात वरच्या क्रमांकांत आहे. त्या मुलीला वेगळे विचारलेच जात नाही. विचारले तरी तिचे 'होय' हे होय नव्हे.

नाताळ जवळ आला की आपण गोठा सजवतो आणि योसेफ व मरिया यांच्या प्रवासाची आठवण करतो. तोही डोंगरातला प्रवास, नाझरेथपासून बेथलेहेमपर्यंत, शंभर किलोमीटरहून जास्त, शेवटी यरुशलेमच्या बाजूचा मोठा चढ. कारण काय, तर सरकारी नोंदणी. हुकूम वरून आला होता, तिचे दिवस भरत आले होते, आणि निघणे भाग होते. आपण चित्रात गाढव काढतो, पण शुभवर्तमानात गाढवाचा उल्लेख नाही. ती चालतही गेली असेल. मला नेहमी वाटते, की त्या वाटेवर योसेफ कोणत्या चालीने चालला असेल? लूक त्याबद्दल काही सांगत नाही. एवढे मात्र दिसते, की जागा मिळाली नाही तेव्हा ती दोघांनाही मिळाली नाही, आणि बाळ जन्मले तेव्हा दोघे एका ठिकाणी होते. ऊसतोडणीला गेलेल्या बाया आजही फडावर, कोपीत बाळंत होतात. त्या रात्री कोयता बंद असतो आणि वहीत खाडा पडतो.

ही किंमत कुणी उचलायची? कारखान्याने, असे माझे स्पष्ट मत आहे. आजारपणाची आणि बाळंतपणाची रजा पगारी हवी आणि ती साखरेच्या दरातून यायला हवी, म्हणजे तुमच्या-माझ्या चहातून. जानेवारी 2024 मध्ये मजुरीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, ती चांगलीच झाली. पण टनामागे दर वाढला तरी थांबलेल्या दिवसाचे टन शून्यच असतात. 2021 साली शासनाने ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे ठरवले. यातही पाहण्यासारखी गोष्ट ही, की ओळखपत्र माणसाला मिळते, कोयत्याला नाही. ज्या बायांनी ते अजून काढले नाही त्यांनी स्वतःच्या नावाने काढावे, नवऱ्याचे आहे म्हणून थांबू नये.

कायदा होईपर्यंत काय करायचे, हा प्रश्न उरतो. आपण लहान धर्मग्राम आहोत. पण एखाद्या बाईला आठ दिवस विश्रांती सांगितली असेल तर त्या आठ दिवसांच्या खाड्याचे पैसे आपल्याला मिळून उभे करता येणार नाहीत, असे मला वाटत नाही. शस्त्रक्रिया सुचवली असेल तर जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला तिच्याबरोबर कुणी जाऊ शकते. आपल्यात शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत. फडावर राहिलेल्या कुटुंबांना त्या भागातल्या धर्मगुरूंचा फोन नंबर देता येईल. मागे राहिलेल्या आजी-आजोबांच्या घरी आठवड्यातून एकदा डोकावता येईल.

त्यासाठी आधी कोण कुठे जात आहे हे कळायला हवे. म्हणून यंदा निघण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने मिस्सेनंतर थांबून गाव, कारखाना आणि टोळी यांची नोंद द्यावी, अशी विनंती करावीशी वाटते. पतीने आपले नाव लिहावे आणि पत्नीने आपले, दोन वेगळ्या ओळींवर. तिला लिहिता येत नसेल तर तिने सांगावे आणि दुसऱ्या कुणीतरी लिहावे, पण सांगणारी तीच असावी. तिच्या नावापुढे तिला काही दुखणे असेल तर तेही लिहायला जागा ठेवू.